कूलर आत, उकाडा खोलीत

विदर्भात ‘कूलर’ म्हटले की डोळ्यांसमोर येतो तो खिडकीला लावलेला, वाळ्याच्या ताट्या भिजवणारा पत्र्याचा डबा. त्यातल्या पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता शोषली जाते. म्हणून कोरड्या उन्हाळ्यात तो बाहेरच्यापेक्षा खरोखरच थंड हवा देतो. संगणकाच्या दुकानात ‘लिक्विड कूलर’ हा शब्द कानावर पडला की अनेकांच्या मनात हाच थंडावा उभा राहतो. व्हिडिओ संपादन शिकणारी मुले, घरून थ्रीडी आरेखने करणारे तरुण आणि त्यांच्यासाठी पदरमोड करणारे पालक या समजुतीपोटी जादा पैसे मोजतात. ती समजूत चुकीची आहे.

प्रोसेसरच्या लिक्विड कूलरचे नाते ताट्यांच्या कूलरशी नाही, मोटारीच्या रेडिएटरशी आहे. बंद नळ्यांतून पंप द्रव फिरवतो, हा द्रव प्रोसेसरची उष्णता उचलून रेडिएटरपर्यंत नेतो आणि तिथले पंखे ती हवेत सोडतात. त्यात बाष्पीभवन नाही, त्यामुळे खोलीच्या तापमानाखाली तो काहीही नेऊ शकत नाही. खोली २५ अंशांवर असताना एखाद्या कामात प्रोसेसर ८० अंशांवर राहत असेल, तर खोली ४० अंशांवर गेल्यावर तेच काम त्याला ९५ अंशांच्या आसपास नेते. आजचे बहुतेक प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या मर्यादेजवळ पोहोचले की स्वतःच वेग कमी करतात. मे महिन्यात संगणक ‘स्लो’ होण्याचे कारण अनेकदा एवढेच असते.

मग लिक्विड कूलर निरुपयोगी आहे का? नाही. इंटेलच्या कोअर आय-९ १४९००के या प्रोसेसरची मूळ शक्ती १२५ वॉट सांगितली जाते, पण पूर्ण भारावर तो २५३ वॉटपर्यंत जातो. तासन्‌तास रेंडरिंग करणाऱ्याला अशा प्रोसेसरवर ३६० मिलिमीटरचा रेडिएटर उपयोगी ठरतो, कारण उष्णता मोठ्या पृष्ठभागावर पसरते आणि पंखे कमी आवाजात काम करतात. याउलट रायझन ५ ७६०० हा ६५ वॉट श्रेणीतला आहे आणि त्याच्या खोक्यातच कूलर मिळतो. त्याहून शांत हवा असेल तर एक मध्यम टॉवर एअर कूलर पुरतो. लिक्विड कूलरला त्याच्या दुप्पट-तिप्पट पैसे पडतात आणि अशा प्रोसेसरवर हाती येतो तो मुख्यतः रंगीत दिवा. तेच पैसे जादा रॅम किंवा चांगल्या पॉवर सप्लायवर खर्च केलेले बरे.

मोठा प्रोसेसर खरोखरच लागत असेल, तर खोक्यावरच्या चित्रापेक्षा चार गोष्टी तपासाव्यात. प्रोसेसरची कमाल वॉट किती. रेडिएटर आणि पंखे मिळून होणारी सुमारे ५२ मिलिमीटर जाडी कॅबिनेटमध्ये, रॅमला न अडखळता, मावते का. आपल्या सॉकेटची पट्टी सोबत आहे का. आणि वॉरंटी किती वर्षांची, गळतीने इतर भागांचे नुकसान झाल्यास ती काय भरून देते. एअर कूलरचा पंखा बिघडला तर नवा बसवता येतो. लिक्विड कूलरचा पंप बंद पडला की बहुधा सगळा संचच बदलावा लागतो. नळ्यांतून वर्षानुवर्षे थोडा द्रव झिरपून आत हवा साचते, म्हणून पंप हा मंडलातला सर्वांत उंच बिंदू नसावा. रेडिएटर कॅबिनेटच्या छताला बसवणे उत्तम.

या सगळ्यात एक गोष्ट मात्र विसरली जाते. कूलर कोणताही असो, २५० वॉट उष्णता शेवटी खोलीतच येते. स्वस्थ बसलेला माणूस साधारण १०० वॉट उष्णता बाहेर टाकतो. म्हणजे पत्र्याखालच्या दहा बाय दहाच्या खोलीत असा संगणक चालवणे म्हणजे आणखी दोन-अडीच माणसे बसवणे. प्रोसेसर वेग कमी करून स्वतःला वाचवतो. समोर बसलेल्या मुलाला तशी सोय नाही. तो घामाघूम होतो, त्याची झोप मोडते आणि पाणी पिण्याचेही भान राहत नाही.

यावर एक फुकटचा उपाय आहे. बायोसमध्ये वीजमर्यादा कमी करता येते. रायझनच्या १७० वॉट श्रेणीतल्या प्रोसेसरना ‘इको मोड’मध्ये १०५ किंवा ६५ वॉटच्या पातळीवर आणता येते. अनेक कामांत वेग थोडाच घटतो, उष्णता मात्र बरीच कमी होते. सोबत जाळीवरची धूळ महिन्या-दोन महिन्यांनी झाडावी, कॅबिनेट भिंतीला चिकटवू नये आणि ताट्यांच्या कूलरचा दमट झोत थेट त्यावर सोडू नये.

उत्पादकांनी मूळ वॉटबरोबर कमाल वॉटचा आकडाही खोक्यावर ठळक छापायला हवा. विक्रेत्यांनी बजेट विचारण्याआधी काम कोणते आणि खोली कशी, हे विचारायला हवे. ग्राहकाने प्रोसेसरच्या तापमानाबरोबर खोलीतलेही तापमान पाहावे. दुसरा आकडा वाढलेला असेल, तर पैसे कूलरवर नव्हे, खिडकी, पंखा आणि छतावर खर्च करण्याची गरज आहे.