बल्ब बदलण्याआधी



दिवाळीनंतर यवतमाळ जिल्ह्यात कापसाचा हंगाम जोरात असतो. वणी, पांढरकवडा अशा बाजारांच्या वाटेवर अंधार पडल्यावरही कापसाने भरलेल्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर दिसतात. कित्येकांच्या मागे दिवा नसतो. अशा रस्त्यावर ताशी ६० किलोमीटर वेगाने येणारी मोटार एका सेकंदात सुमारे १७ मीटर अंतर तोडते. मोटार जुनी असेल आणि तिचा हेडलाइट मंद असेल, तर पुढची बैलगाडी चालकाला उशिरा दिसणार. म्हणून मोटारीचा दिवा ही हौसेची बाब नाही.

दिवा मंद झाला की आपण काय करतो? बल्ब बदलतो. नवा बल्बही मंदच लागला की बॅटरी बदलतो, मग स्विच. पैसे जातात आणि दोष जागच्या जागी राहतो. माझे मत असे की, याला दुरुस्ती म्हणू नये. हा अंधारात मारलेला दगड आहे. दोष शोधणे हे विज्ञान आहे, आणि ते तुमच्या शाळेच्या पुस्तकापलीकडचे नाही.

एके काळी कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी प्रीमियर पद्मिनी घ्या, किंवा अँबॅसडर घ्या. बॅटरी १२ व्होल्टची. बॅटरीपासून दिव्यापर्यंत वायर जाते. परतीची वायर मात्र जवळच्या पत्र्यालाच स्क्रूने जोडलेली असते. तेथून गाडीचा पत्राच वीज बॅटरीकडे परत नेतो. मेकॅनिक याला ‘अर्थ’ म्हणतात. या स्क्रूखाली पावसाचे पाणी आणि काळ्या मातीचा चिखल शिरतो, गंज चढतो, आणि परतीची वाट अडते.

आता हिशोब करू या. ६० वॅटच्या दिव्यातून १२ व्होल्टला ५ अँपियर विद्युतधारा वाहते. म्हणजे त्याचा रोध २.४ ओहम. गंजलेल्या सांध्याने त्यात अवघ्या अर्ध्या ओहमची भर घातली, तर धारा सुमारे ४.१ अँपियर उरते. सांधा सुमारे २ व्होल्ट खातो आणि दिव्याला १० व्होल्टच मिळतात. व्होल्ट घटले सहाव्या हिश्शाने. पण तार कमी तापल्यामुळे उजेड जवळजवळ निम्मा होतो! (तापमानाबरोबर तारेचा रोधही बदलतो, म्हणून हे आकडे स्थूल समजावेत.) सांधा मात्र हाताला गरम लागतो. दोष पाहा, किती क्षुल्लक!

मग तो सापडत का नाही? कारण पुष्कळदा तपासणीच चुकीची होते. बल्ब काढून मल्टिमीटर लावला, तर तो पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो. धाराच वाहत नसेल, तर गंजलेला सांधा व्होल्ट खाणार कसा? ओहमचा नियम आठवा. म्हणून बल्ब जागेवर ठेवा, दिवा लावा आणि मगच मोजा. मीटरचे एक टोक दिव्याच्या अर्थला, दुसरे बॅटरीच्या ऋण टोकाला. आकडा शून्याजवळ असला पाहिजे. २ व्होल्ट दाखवले की चोर सापडला. स्क्रू काढा, पत्रा पॉलिश पेपरने घासा, पुन्हा घट्ट बसवा.

मीटर नसला तरी डोके चालवता येते. दोन्ही हेडलाइट मंद असतील, तर दोष दोघांच्या सामाईक वाटेवर शोधावा. एकच मंद असेल, तर बॅटरीला दोष का द्यायचा? ब्रेक दाबल्यावर मागचा इंडिकेटरही मिणमिणत असेल, तर ओळखा: तेथील अर्थ तुटला आहे आणि वीज शेजारच्या बल्बमधून परतीची वाट काढीत आहे.

एक गोष्ट मात्र कधीही करू नका. फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्यावर सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळू नका. फ्यूज हा पहारेकरी आहे. त्याला झोपवले तर वायर पेटते. आणि तपासणी करायची ती मोठ्या माणसाला सोबत घेऊनच.

कोणी म्हणेल, आता नव्या गाड्यांचे दोष संगणक सांगतो. ही जुनी विद्या कशाला? संगणक फार तर कोणत्या परिपथात बिघाड आहे ते सांगेल. त्या परिपथातला गंजलेला स्क्रू शोधायला तर्क माणसालाच करावा लागतो. शेतावरचा पंप असो वा घरातला दिवा, रीत हीच.

शिक्षकांना माझी विनंती आहे. भंगारातला एक हेडलाइट, गंजलेला स्क्रू आणि १२ व्होल्टची बॅटरी प्रयोगशाळेत आणा. एका मुलाने गुपचूप दोष निर्माण करावा आणि दुसऱ्याने तो शोधावा. पण हात लावण्यापूर्वी आपला तर्क वहीत लिहावा. १८२७ साली आपला नियम पुस्तकरूपाने मांडणारा गिऑर्ग ओहम हाही शाळेतला शिक्षकच होता. त्याचा नियम पाठ करून गुण मिळतात, हे खरे. पण तो वापरला, तर रस्त्यावरची बैलगाडी वेळेवर दिसते.