तिसऱ्या कुठल्या खाडीतल्या?

तिसऱ्यांचा वाटा घेताना गिऱ्हाईक भाव बघते, ताजेपणा बघते. त्या कुठल्या खाडीतल्या, हे क्वचितच कुणी विचारते. आरोग्याच्या दृष्टीने पहिला प्रश्न तोच असायला हवा.

तिसऱ्या, कालवे, शिणाणे हे जीव पाणी गाळून त्यातले सूक्ष्म अन्न खातात. खाडीत सांडपाणी सुटत असेल, तर त्यातले जंतूही त्यांच्या अंगात साठतात. १९८८ च्या सुरुवातीला शांघायमध्ये हेपॅटायटिस-ए या काविळीची साथ आली आणि सुमारे ३ लाख लोक आजारी पडले. कारण निघाले दूषित पाण्यातले, अर्धेकच्चे खाल्लेले शिंपले.

आपल्याकडे शिंपले कच्चे खात नाहीत, हे खरे. पण वाफेवर शिंपी उघडली म्हणजे मांस शिजले, असे नव्हे. हा विषाणू मरण्यासाठी मांसाच्या आतपर्यंत ८५ ते ९० अंश सेल्सिअस तापमान किमान दीड मिनिट राहावे लागते. म्हणून उघडल्यावरही चार-पाच मिनिटे उकळावे आणि न उघडलेल्या शिंपल्या टाकून द्याव्यात. यकृताचा जुना आजार असलेल्यांनी तर अर्धेकच्चे शिंपले मुळीच खाऊ नयेत. मात्र काही शैवालांचे विष आणि कॅडमियमसारखे धातू उकळूनही जात नाहीत. तिथे स्वच्छ खाडीला पर्याय नाही.

युरोपीय संघात शिंपल्यांतील ई. कोलाय जंतू मोजून त्यांच्या पाण्याचे अ, ब, क असे वर्ग पाडतात. ‘ब’ वर्गातला माल शुद्ध केल्याशिवाय ताजा विकता येत नाही. आपल्या घरच्या गिऱ्हाइकालाही आपली खाडी कोणत्या वर्गातली, हे कळायला हवे. ती मागणी मासळी खाणाऱ्यांनीच लावून धरावी.

केरळात कोल्लमजवळच्या अष्टमुडी सरोवरात शिंपल्यांचा उपसा अतोनात होऊ लागला, तेव्हा डिसेंबर ते फेब्रुवारी या प्रजननकाळात बंदी आली आणि जाळ्याचा आस ३० मिलिमीटर ठरला. यंत्राने उपसाही नाही. २०१४ मध्ये या मासेमारीला मरीन स्टुअर्डशिप कौन्सिलचे प्रमाणपत्र मिळाले, भारतातले पहिले. नियमाने धंदा बुडाला नाही.

कोकणात रेतीउपसा तिसऱ्यांचे तळच खरवडून नेतो. ओहोटीला चिखलात उतरून तिसऱ्या वेचणाऱ्या बाईचा त्यात दोष नाही. सिंधुदुर्गात महिला बचत गट कांदळवन प्रतिष्ठानच्या मदतीने कालवे आणि शिणाणे वाढवतात. कोळंबीच्या तलावात खाद्य घालावे लागते. कालवांना ते लागत नाही, पाण्यातलेच पुरते. खाडी स्वच्छ असेल तर असा माल दोन पैसे जास्त देऊन घ्यावा. आणि बारीक, पिल्लू तिसऱ्यांचा वाटा कितीही स्वस्त असला, तरी कोळणीला ‘मोठ्या आल्या की देशील’ असे सांगून पुढे जावे.