शाल, श्रीफळ आणि शाहिराचे म्हातारपण

१९९१ च्या एप्रिल महिन्यात धुळ्यातील एका वस्तीच्या मोकळ्या पटांगणावर मी लोककवी वामनदादा कर्डक यांचे गाणे ऐकले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जन्मशताब्दीचे ते वर्ष होते. मी तेव्हा तिशीतला प्राध्यापक होतो आणि जळगावहून मुद्दाम गेलो होतो. खानदेशातील एप्रिलचा उकाडा रात्री दहा वाजताही जमिनीतून वर येत होता. बायका गोणपाट अंथरून बसल्या होत्या आणि पोरे भिंतींवर चढली होती. वामनदादा ६८ वर्षांचे होते. आवाजात थकवा जाणवत होता. परंतु ध्रुपदाचा अर्धा भाग गाऊन ते थांबत आणि उरलेला अर्धा पटांगण पुरा करी. ज्यांना अक्षर वाचता येत नव्हते अशा म्हाताऱ्यांनाही एकेक गीत अथपासून इतिपर्यंत पाठ होते. लोकप्रियता म्हणजे काय, याची व्याख्या मला त्या रात्री समजली.

सिन्नर तालुक्यातील देशवंडी येथे १९२२ साली जन्मलेला, मुंबईच्या गिरणीत राबलेला आणि विशीपर्यंत अक्षरओळख नसलेला हा माणूस. कोणीतरी वाचावयास दिलेले पत्र वाचता आले नाही, याची लाज वाटून ते लिहावयास शिकले आणि पुढे हजारो गीतांचे कवी झाले. ‘वाटचाल’ आणि ‘मोहळ’ हे त्यांचे संग्रह सत्तरीच्या दशकात निघाले. १९९३ साली वर्धा येथील पहिल्या अखिल भारतीय आंबेडकरी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. १५ मे २००४ रोजी ते गेले. एवढ्या मोठ्या कवीचा संसार मात्र अखेरपर्यंत तंगीतच राहिला. हे का व्हावे, हा प्रश्न अर्थशास्त्राचा आहे आणि आपणा कार्यकर्त्यांच्या वर्तनाचाही आहे.

त्यासाठी मला माझीच एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्यानंतर काही वर्षांनी जळगावात आमच्या मित्रमंडळींनी एक जाहीर कार्यक्रम केला आणि खजिनदारी माझ्याकडे आली. मांडववाल्याला ठरल्याप्रमाणे पैसे दिले, ध्वनिक्षेपकाचे भाडे दिले, छापखान्याचे बिल चुकते केले, बाहेरगावच्या वक्त्याला प्रवासखर्च दिला. तालुक्याच्या गावाहून एस. टी. ने आलेला एक वृद्ध शाहीर आणि त्याचे चार साथीदार यांनी अडीच तास पटांगण धरून ठेवले होते. त्यांना आम्ही शाल, श्रीफळ आणि एक पाकीट दिले. पाकिटातील रक्कम ध्वनिक्षेपकाच्या भाड्याहून कमी होती. शालीची घडी घालीत शाहीर मला म्हणाला, “सर, शाली घरात पुष्कळ झाल्या. पेटीचा भाता तेवढा फाटला आहे.” त्याने तक्रारीचा सूर लावला नव्हता. मीही हसून वेळ मारून नेली. आज ते हसणे मला टोचते.

त्या काळी मी वर्गात याच विषयाचे अर्थशास्त्र शिकवीत होतो. बॉमोल आणि बोवेन या दोन अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ साली दाखवून दिले, की यंत्राच्या साहाय्याने कारखान्यातील कामगाराची उत्पादकता वाढते, कलावंताची तशी वाढत नाही. पाच जणांच्या संचाला अडीच तासांचा कार्यक्रम करावयास शंभर वर्षांपूर्वीही पाच माणसे आणि अडीच तास लागत आणि आजही तेवढेच लागतात. मधल्या काळात धान्य, औषध आणि प्रवास यांचे भाव मात्र वाढत जातात. पुढे १९८१ साली शेर्विन रोझेन यांनी दुसरी बाजू मांडली. ध्वनिमुद्रणामुळे एकच आवाज कोट्यवधी घरांत पोचतो. त्यामुळे गुणांतील थोड्याशा फरकाने मिळकतीत प्रचंड अंतर पडते आणि बाजाराचा बहुतेक पैसा वरच्या थोड्यांकडे जातो.

दोन्ही सिद्धांत आपल्याकडे डोळ्यांसमोर खरे ठरले. ऐंशीच्या दशकात कॅसेट खेडोपाडी पोचली आणि गाणे घराघरांत गेले. चोरट्या प्रतींचाही सुळसुळाट झाला. त्या धंद्यात गाणे लिहिणाऱ्याच्या हाती काय पडले असेल, याची कल्पना करता येते. कायद्याने कवीचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे चालतो. म्हणजे वामनदादांच्या गीतांवरील हक्क २०६४ पर्यंत जिवंत आहे. परंतु हक्क बजावण्यासाठी वकील लागतो आणि वकिलासाठी पैसा लागतो. दुसऱ्या टोकाला, जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईत ‘कोल्डप्ले’ या इंग्रजी वाद्यवृंदाचे कार्यक्रम झाले. तिकिटे २,५०० रुपयांपासून ३५,००० रुपयांपर्यंत होती आणि तरीही ती मिळेनाशी झाली. महाराष्ट्र शासन वृद्ध कलावंताला २०२४ पासून महिना ५,००० रुपये मानधन देते. म्हणजे त्या एका रात्रीच्या दोन स्वस्त तिकिटांचा हा महिना आहे.

परंतु बाजाराला दोष देऊन आपली सुटका होत नाही. मांडववाल्याला ठरलेला दर आणि शाहिराला ‘यथाशक्ती’, हा भेद बाजाराने केलेला नाही. तो आपण केला आहे. त्याची मुळे गावगाड्यात आहेत. बलुतेदाराने वर्षभर काम करावयाचे आणि खळ्यावर मालकाच्या मर्जीप्रमाणे सुपात पडेल ते घ्यावयाचे, ही ती रीत होती. आपल्याकडील गाणारे आणि वाजविणारे बहुतांशी त्याच जातींतून आले. शाल आणि श्रीफळ हे सन्मानाचे चिन्ह खरे. पण दामाच्या जागी दिले, की ते बलुतेच होते.

आपल्या चळवळीत आणखी एक कारण घडले. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने गाण्याची जी थोर परंपरा निर्माण केली, तिच्यातील बहुतेक कलावंत हौसेने गाणारे कार्यकर्ते होते. कोणी शिक्षक होते, कोणी विद्यार्थी, कोणी नोकरदार. पोटाची सोय दुसरीकडे होती. त्यावरून आपण असा नियम करून बसलो, की चळवळीचे गाणे फुकट असते. ज्याचे गाणे हीच भाकरी, त्यालाही आपण तोच नियम लावला.

यावर काही ज्येष्ठ सहकारी म्हणतात, की गाण्याला भाव लावला की ते विकाऊ होते. वामनदादांनी कधी भाव केला होता काय? हा आक्षेप प्रामाणिक आहे. परंतु त्याग करण्याचा अधिकार गाणाऱ्याचा आहे. त्याच्या त्यागाचे अंदाजपत्रक आपण मांडू लागलो, की त्याचे नाव शोषण. शिवाय हा उपदेश करणाऱ्यांपैकी माझ्यासारख्या अनेकांना दरमहा निवृत्तिवेतन मिळते. शाहिराला निवृत्तीचे वय नसते. लोकशाहीर विठ्ठल उमप २६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपूरला दीक्षाभूमीवर व्यासपीठावरच कोसळले आणि गेले. ते ७९ वर्षांचे होते. दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते गौरविल्या गेलेल्या विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर २००२ साली विपन्नावस्थेत गेल्या. त्यांच्या नावाचा शासकीय पुरस्कार २००६ साली सुरू झाला. मेल्यावर पुरस्कार आणि जिवंतपणी उधारी, ही आपली सांस्कृतिक अर्थव्यवस्था आहे.

म्हणून काही साध्या गोष्टी सुचवितो. कार्यक्रमाच्या अंदाजपत्रकात कलावंतांचे मानधन पहिल्या ओळीत, आकड्यानिशी आणि आगाऊ ठरवून लिहावे. पैसे कमी पडले तर मांडव लहान करावा. प्रत्येक गीतापूर्वी कवीचे नाव सांगावे. शासनाच्या मानधन योजनेसाठी ५० वर्षे वय आणि कलाक्षेत्रातील १५ वर्षांची कामगिरी लागते. अनेक म्हाताऱ्या कलावंतांजवळ पुरावा म्हणून दाखवावयास एक कागदही नसतो. आपल्याकडे जुन्या पत्रिका, हस्तपत्रके आणि छायाचित्रे आहेत. ती शोधून द्यावीत आणि अर्ज भरून घ्यावेत. तालुक्यातील दोन कार्यकर्त्यांना आठवड्याभरात होण्याजोगे हे काम आहे.

धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यावर दर वर्षी ३१ जुलैला, बाबासाहेबांच्या तेथील मुक्कामाच्या स्मरणार्थ, माणसे जमतात आणि भीमगीते होतात. तेथे मोकळ्या आभाळाखाली गाणाऱ्यांत काही पिकल्या केसांचे असतात. १९९१ च्या त्या रात्री पटांगणाने वामनदादांचे अर्धे ध्रुपद पुरे केले होते. गाणाऱ्याची उरलेली अर्धी भाकरी पुरी करणे, हे काम मात्र आपणा सर्वांवर अजून बाकी आहे. जळगावच्या त्या शाहिराच्या पेटीचा भाता मी भरून दिला नाही. पुढच्या कार्यक्रमाचा खजिनदार तरी ती चूक न करो.