५०० रुपयांची टेस्ट सिरीज, त्यातले ७५ रुपये कुणाचे? ॲप स्टोअरच्या कमिशनचा वाद काय आहे

समजा, पुसदमध्ये पोलीस भरतीचा क्लास चालवणारे एक सर आहेत. सकाळी ग्राउंड, दुपारी गणित आणि बुद्धिमत्ता. उमरखेड, महागाव, दिग्रस, दारव्हा इथल्या ज्या पोरांना रोज यायला जमत नाही त्यांच्यासाठी सरांनी एक ॲप काढलं. ॲपवर विकायला दोन गोष्टी आहेत. एक, छापील सराव प्रश्नसंच, तो पोस्टाने घरी येतो. दुसरी, त्याच प्रश्नांची ऑनलाइन टेस्ट सिरीज. दोन्हींची किंमत ५०० रुपये.

छापील संच विकला तर गूगल त्यातला एक रुपयाही मागत नाही. टेस्ट सिरीज विकली की मात्र गूगल प्लेच्या नियमाप्रमाणे १५ टक्के द्यावे लागतात. कर बाजूला ठेवला तर हे झाले ७५ रुपये. प्रश्न तेच, पोरगं तेच, मोबाईलही तोच. फरक एवढाच की कागदावरची वस्तू गूगलच्या नियमात 'भौतिक' ठरते आणि स्क्रीनवरची 'डिजिटल'.

पांढरकवड्याच्या कृषी केंद्रवाल्याचंही तसंच. ॲपवरून बियाणं विकलं तर काही नाही. कपाशीवरच्या बोंडअळीचा सल्ला महिन्याच्या वर्गणीवर विकला की कमिशन सुरू.

हे ७५ रुपये घेण्याचा हक्क गूगलला आहे का, यावरून देशात २०२० पासून भांडण चालू आहे. त्यात भारतीय स्पर्धा आयोग आहे, मद्रास उच्च न्यायालय आहे, केंद्रीय मंत्री आहेत आणि आता सर्वोच्च न्यायालयही आहे.

आधी गल्ल्याचं भांडण

एक गोष्ट आधी मान्य करायला हवी. प्ले स्टोअरवरच्या बहुतेक ॲप्सना हे कमिशन लागतच नाही, कारण ती ॲपमध्ये डिजिटल काही विकत नाहीत. गूगलचं म्हणणं आहे की फक्त ३ टक्क्यांच्या आसपास डेव्हलपर पैसे देतात. २०२४ च्या सुरुवातीला कंपनीने असंही सांगितलं होतं की प्ले स्टोअर वापरणाऱ्या २ लाखांहून जास्त भारतीय डेव्हलपर्सपैकी १५ टक्क्यांच्या वर फी फक्त ६० जणांना लागते. ३० टक्क्यांचा जो आकडा सगळीकडे फिरतो तो वर्षाला १० लाख डॉलरच्या पुढच्या कमाईसाठी आहे. त्याच्या आत १५ टक्के, आणि वर्गणीवर चालणाऱ्या सेवांनाही १५ टक्के.

म्हणजे पुसदचे सर १५ टक्क्यांच्या गटात. दर कमी, पण ६० बड्या कंपन्यांकडे वकील असतात आणि सरांकडे नसतात.

सप्टेंबर २०२० मध्ये गूगलने जाहीर केलं की डिजिटल वस्तू विकणाऱ्या प्रत्येक ॲपने पैसे गूगलच्याच बिलिंगमधून घ्यायचे. त्याच महिन्यात पेटीएमचं ॲप काही तासांसाठी प्ले स्टोअरवरून गायब झालं. कारण वेगळं होतं, सट्ट्याच्या नियमांचं. पण भारतीय स्टार्टअपवाल्यांना एका झटक्यात कळलं की दुकानाची किल्ली कुणाकडे आहे. ओरड झाली, गूगलने मुदत वाढवली, मग पुन्हा वाढवली.

२५ ऑक्टोबर २०२२ ला भारतीय स्पर्धा आयोगाने, म्हणजे सीसीआयने, या प्रकरणात गूगलला ९३६.४४ कोटी रुपयांचा दंड केला. भारतात १०० स्मार्टफोनपैकी ९५ च्या आसपास अँड्रॉइडवर चालतात. या ताकदीचा वापर करून गूगल आपलंच बिलिंग लादतं, असा आयोगाचा निष्कर्ष होता. गूगलच्याच यूट्यूबला मात्र ही सक्ती नव्हती, यावरही आयोगाने बोट ठेवलं. आयोगाने सांगितलं, दुसऱ्या कंपनीचं पेमेंट वापरू द्या आणि ग्राहकाला बाहेर स्वस्त मिळतंय हे सांगण्यावर बंधनं घालू नका.

इथवर ऐकलं तर वाटेल, सर जिंकले. पण तसं झालं नाही.

४ टक्क्यांची सूट

गूगलने दुसऱ्याचा गल्ला वापरायला परवानगी दिली. तसं केलं तर कमिशन ४ टक्के कमी, म्हणजे १५ चे ११ आणि ३० चे २६.

आता पुन्हा ५०० रुपये घ्या. सरांनी दुसऱ्या कंपनीचं पेमेंट गेटवे लावलं आणि पोराने कार्डाने पैसे भरले, तर गेटवेवाला साधारण २ टक्के घेतो, म्हणजे १० रुपये. गूगलला ११ टक्क्यांनी ५५. एकूण ६५. आधी ७५ जात होते, आता ६५ जातात. वर दोन पेमेंट व्यवस्था सांभाळायच्या, तांत्रिक बदल करायचे आणि बाहेर झालेल्या प्रत्येक विक्रीचा हिशोब गूगलला द्यायचा. एवढा उपद्व्याप दहा रुपयांसाठी कोण करेल?

हा डाव आधी दक्षिण कोरियात खेळून झालेला होता. ॲप स्टोअरने स्वतःचंच बिलिंग लादू नये असा कायदा तिथल्या संसदेने ऑगस्ट २०२१ मध्ये केला, जगात पहिल्यांदाच. गूगलने तो पाळला आणि सूट दिली ४ टक्क्यांचीच.

भारतात ही गोष्ट जास्त खटकते, याला कारण यूपीआय. जानेवारी २०२० पासून यूपीआयवर व्यापाऱ्याकडून घेतलं जाणारं शुल्क, ज्याला एमडीआर म्हणतात, ते शून्य आहे. आर्णीच्या चहावाल्याला १० रुपये स्कॅन करून दिले की त्याला १० रुपयेच मिळतात. पैसे इकडून तिकडे नेण्याचा खर्च जिथे ग्राहकाला आणि दुकानदाराला जाणवतच नाही, तिथे १५ टक्के हे 'पेमेंटचे' पैसे आहेत असं कुणी म्हणूच शकत नाही. गूगलही तसं म्हणत नाही. कंपनीच्या मते ही सेवेची फी आहे: ॲप लोकांपर्यंत पोचवणं, व्हायरस तपासणं, अपडेट देणं, अँड्रॉइड सांभाळणं.

म्हणजे गल्ला कुणाचा, हा प्रश्न आता बाजूला पडला आहे. खरा प्रश्न उरतो तो बाजारात उभं राहण्याचं भाडं किती असावं, आणि ते कुणी ठरवायचं. २०२२ च्या आदेशाने किती टक्के योग्य हे ठरवलंच नव्हतं. सगळी पळवाट तिथेच आहे.

१ मार्च २०२४ ला काय झालं

काही कंपन्या मद्रास उच्च न्यायालयात गेल्या. डिस्ने हॉटस्टारला जुलै २०२३ मध्ये अंतरिम दिलासा मिळाला, ४ टक्के भरा आणि ॲप चालू ठेवा. बाकीच्यांना तो मिळाला नाही. हा विषय स्पर्धा आयोगाचा आहे, असं म्हणत न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये याचिका फेटाळल्या, आणि जानेवारी २०२४ मध्ये अपीलही फेटाळलं. फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयानेही अंतरिम संरक्षण द्यायला नकार दिला.

मग १ मार्च २०२४ ला, शुक्रवारी, गूगलने १० भारतीय कंपन्यांची ॲप्स प्ले स्टोअरवरून काढायला सुरुवात केली. भारत मॅट्रिमनी, शादी डॉट कॉम, नोकरी, नाइन्टीनाइन एकर्स, कुकू एफएम अशी नावं. यातल्या दोन कंपन्या मुंबईच्या. शादी डॉट कॉम ही शार्क टँकमुळे घराघरात पोचलेल्या अनुपम मित्तल यांची, आणि कुकू एफएमवर मराठी गोष्टी ऐकणारेही बरेच आहेत.

ज्यांच्या मोबाईलमध्ये ॲप आधीच होतं त्यांचं चालू राहिलं. नवीन माणसाला मात्र ते सापडत नव्हतं. लग्नसराईत स्थळं शोधणाऱ्या ॲपसाठी याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी तत्कालीन माहिती तंत्रज्ञान मंत्री अश्विनी वैष्णव यांनी अशी ॲप्स काढणं चालणार नाही असं सांगितलं. बैठका झाल्या आणि ५ मार्चपर्यंत गूगल ॲप्स तात्पुरती परत ठेवायला तयार झालं. वाद मिटला नाही, फक्त ॲप्स परत आली. शिवाय मंत्र्यांचा फोन जातो तो मुंबई-चेन्नईच्या कंपन्यांसाठी. यवतमाळच्या एखाद्या क्लासचं ॲप निघालं असतं तर त्याची बातमी तालुक्याच्या पानावरही आली नसती.

१५ मार्चला सीसीआयने नवी चौकशी लावली. शादी डॉट कॉमची कंपनी, कुकू एफएमची कंपनी आणि प्रसारण क्षेत्रातल्या दोन संघटना यात तक्रारदार आहेत. पहिल्यांदाच विषय थेट फीच्या रकमेवर आला: ही फी सेवेच्या मानाने अवाजवी आहे का? प्रथमदर्शनी नियमभंग दिसतो, असं आयोगाने म्हटलं आणि महासंचालकांना ६० दिवसांत अहवाल द्यायला सांगितलं. पाच दिवसांनी अंतरिम दिलासा द्यायला मात्र आयोगानेच नकार दिला.

दंड खाली आला

जुन्या प्रकरणातल्या अपिलाचा निकाल राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाने २८ मार्च २०२५ ला दिला. गूगलने आपल्या स्थानाचा गैरवापर केला, हा मूळ निष्कर्ष टिकला. पण आयोगाचे काही निष्कर्ष आणि निर्देश रद्द झाले, आणि दंड ९३६.४४ कोटींवरून २१६.६९ कोटींवर आला. दंड मोजताना फक्त संबंधित व्यवसायाची उलाढाल धरायची, हे त्यामागचं तत्त्व. बिलिंगमधून मिळणारी माहिती गूगलने स्वतःच्या फायद्यासाठी वापरू नये, यासंबंधीचे दोन निर्देश मे महिन्यात पुन्हा लागू झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या प्रकरणातली अपिलं सुनावणीसाठी दाखल करून घेतली. गूगलचं अपील आहे आणि सीसीआयचंही.

ॲपलचं प्रकरण वेगळं चालू आहे. राजस्थानातल्या एका संस्थेच्या तक्रारीवरून सीसीआयने २०२१ च्या शेवटी त्याची चौकशी लावली. आपल्याकडे आयफोनवाले कमी, म्हणून त्याची चर्चा कमी. पण एखाद्या सेवेची वर्गणी आयफोनच्या ॲपमधून महाग आणि तीच ब्राउझरमधून स्वस्त, असं दिसलं तर कारण बहुतेक वेळा हेच असतं. किंडलच्या अँड्रॉइड ॲपमधूनही ॲमेझॉनने २०२२ मध्ये पुस्तकं विकणं बंद केलं. वाचा ॲपमध्ये, विकत घ्या ब्राउझरमध्ये.

मग दुसरीकडे जा ना!

गूगलचा हा युक्तिवाद असतो, आणि कागदावर तो खरा आहे. अँड्रॉइडवर दुसरी स्टोअर चालतात. फोनपेने फेब्रुवारी २०२४ मध्ये १२ भारतीय भाषांतलं इंडस ॲपस्टोअर काढलं आणि दुसऱ्याचं पेमेंट वापरल्यास कमिशन घेणार नाही असं सांगितलं. फोनपे स्वतः अमेरिकेच्या वॉलमार्टच्या मालकीचं आहे, हा भाग सोडा. ते नवीन स्टोअर ग्राहकापर्यंत पोचायलाच मुळात अडचण, कारण नवा फोन उघडला की समोर प्ले स्टोअर असतं.

दुसरा रस्ता एपीके फाईलचा. सर व्हॉट्सॲप ग्रुपवर फाईल टाकतील, पोरं इन्स्टॉल करतील. पण वाहतुकीचा दंड, लग्नपत्रिका, पीएम किसान अशा नावांच्या बनावट एपीके पाठवून लोकांची खाती रिकामी केली गेली आहेत. अनोळखी एपीके उघडू नका, हे पोलीस सतत सांगतात आणि बरोबरच सांगतात. अशा वेळी 'आमची एपीके उघडा' म्हणणारा क्लासवाला चोराच्या रांगेत उभा राहतो.

तिसरा रस्ता यूट्यूबचा. तिथे चॅनेलची मेंबरशिप ठेवली तर यूट्यूब ३० टक्के ठेवून घेतं. म्हणजे पुन्हा गूगलच.

यवतमाळच्या जुन्या शेतकऱ्यांना ही अवस्था ओळखीची वाटेल. १९७२ पासून राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना होती. कापूस विकायचा तर सरकारी केंद्रावरच. पैनगंगेपलीकडे आदिलाबादला भाव जास्त असला की पांढरकवडा, झरी भागातून कापूस रात्रीचा तिकडे जायचा आणि नाक्यावर अडवला जायचा. तुलना पूर्ण जुळत नाही. ती योजना हमीभावासाठी सरकारने आणली होती, आणि हे खासगी कंपनीचं दुकान आहे. पण दार एकच असलं की दारावरच्याचं ऐकावं लागतं, एवढं दोन्हीकडे सारखं.

अशा कंपन्यांना आधीच नियम घालून द्यावेत, गुन्हा झाल्यावर वर्षानुवर्षं चौकशी नको, अशी शिफारस संसदेच्या अर्थविषयक स्थायी समितीने डिसेंबर २०२२ मध्येच केली होती. त्यातून मार्च २०२४ मध्ये डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा आला. त्यावर मोठ्या कंपन्यांसोबत काही भारतीय स्टार्टअपनीही नाराजी दाखवली, कारण उद्या आपणच मोठे झालो तर नियम आपल्यालाही लागतील ही भीती.

पुसदच्या सरांपुढे मात्र आज तीनच पर्याय आहेत. ७५ रुपये स्वतःच्या खिशातून सोडायचे. किंवा ॲपवर किंमत ५९० करायची, म्हणजे कमिशन जाऊन हातात ५०० राहतात. किंवा ॲपमध्ये विकणंच बंद करून वेबसाईटची लिंक क्लासच्या फळ्यावर लिहायची. दुसरा पर्याय निवडला तर जास्तीचे ९० रुपये महागावच्या पोराच्या खिशातून जातात, आणि ते कशाचे होते हे त्याच्या पावतीवर कुठेच लिहिलेलं नसतं.