विश्लेषण : बाळाचे नाव ‘जेसीबी’ का नको? थोरल्या भावंडाच्या सूचना हसण्यावारी नेण्याआधी…

घरात दुसरे बाळ येणार हे कळले की पहिल्या मुलाला एक प्रश्न हमखास विचारला जातो, ‘बाळाचे नाव काय ठेवू या?’ उत्तर येते, ‘जेसीबी’. कधी ‘श्रीखंड’, कधी ‘छोटा भीम’, तर कधी थेट स्वतःचेच नाव. घर हसते, मोबाइल पुढे येतो, तेच उत्तर पुन्हा वदवून घेतले जाते आणि दहा मिनिटांत ते नातेवाईकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पोहोचते. बारशाला मात्र वेगळेच नाव पुकारले जाते. ज्याला मोठ्या कौतुकाने विचारले होते, त्याच्या सूचनेचे काय झाले हे त्याला कोणीच सांगत नाही. हा प्रश्न गमतीपुरताच असेल तर तो विचारायचाच कशाला आणि खरा असेल तर उत्तराचे करायचे काय, याचा विचार मोठ्यांनी करायला हवा.

मुले अशीच नावे का सुचवतात?

तीन-चार वर्षांच्या मुलाला नाव म्हणजे निव्वळ खूण वाटत नाही. नाव त्या वस्तूचाच, त्या माणसाचाच भाग आहे असे त्याला वाटते. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी मुलांच्या या समजुतीचा अभ्यास १९२०च्या दशकातच मांडला होता. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह वायगॉट्स्की यांच्या १९३४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकातही याचे गमतीदार उदाहरण आहे. कुत्र्याला गाय म्हणायचे ठरवले, तर त्याला शिंगे असतील का, असे विचारल्यावर मुले ‘हो, असतील’ असे सांगतात. गाय म्हटले की शिंगे आलीच!

हे लक्षात घेतले की ‘जेसीबी’चा अर्थ लागतो. त्या वयाच्या मुलासाठी जेसीबी हे जगातले सर्वांत जबरदस्त यंत्र आहे. रस्त्यावर काम सुरू असेल तर पाच मिनिटे थांबून ते पाहिल्याशिवाय त्याचा पाय पुढे निघत नाही. ते नाव बाळाला देणे म्हणजे आपल्याजवळचे सर्वांत भारी ते देणे. श्रीखंडाचेही तसेच. स्वतःचे नाव सुचवणारे मूल तर आपल्याकडे असलेली एकमेव मालमत्ता वाटून घ्यायला तयार असते. कदाचित, ‘माझी जागा तर जात नाही ना?’ हेही ते चाचपून पाहत असते.

यात आणखी एक गोष्ट सहज निसटते. गर्भलिंगनिदानाला बंदी घालणाऱ्या १९९४च्या कायद्यामुळे आपल्याकडे बाळ जन्मेपर्यंत मुलगा की मुलगी हे कळत नाही. मोठी माणसे त्यामुळे मुलाच्या आणि मुलीच्या नावांच्या दोन याद्या करतात. थोरले भावंड एकच नाव सांगून मोकळे होते. जेसीबी दोघांनाही चालतो.

मोठ्यांनी ठेवलेली नावे तरी शहाणपणाची असतात का?

मुलांच्या सूचनांना हसणाऱ्या मोठ्यांचा स्वतःचा इतिहास फारसा अभिमानास्पद नाही. मूल जगत नसेल तर त्याला दृष्ट लागू नये म्हणून धोंडू, दगडू, केरू अशी नावे ठेवण्याची रीत महाराष्ट्रात होती. त्यामागे भीती होती, मायाही होती. ती समजून घेता येते. ‘नकोशी’ हे नाव मात्र समजून घेणे कठीण आहे. मुलीवर मुली झाल्या की शेवटच्या मुलीला हे नाव दिले जाई. ‘ही नको होती’ हे तिला हाक मारताना दररोज ऐकवले जाई. शाळेच्या हजेरीपटावर आणि शिधापत्रिकेवरही तेच. २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात अशा २८५ मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. एकाच जिल्ह्यातला हा आकडा आहे, आणि त्यातले एकही नाव चार वर्षांच्या भावाने किंवा बहिणीने सुचवलेले नव्हते.

हा फरक महत्त्वाचा आहे. लहान मुलाच्या यादीत खाण्याचे पदार्थ असतात, गाड्या असतात, देव आणि कार्टूनही असतात. ‘नको’ या अर्थाचे नाव सहसा नसते. नाव ठेवणे आणि नावे ठेवणे यांत मराठीत एका मात्रेचा फरक आहे. तो ओलांडण्याचे काम बहुतेक वेळा मोठ्यांनीच केले आहे.

मुलांचे ऐकले तर काय होते?

जगाने काही वेळा मुलांचे ऐकले आहे आणि त्यात काही बिघडलेले नाही. क्लाइड टॉम्बॉ यांनी फेब्रुवारी १९३० मध्ये शोधलेल्या खगोलाला ‘प्लुटो’ हे नाव सुचवले ते ऑक्सफर्डमधील व्हेनेशिया बर्नी या ११ वर्षांच्या मुलीने. सकाळी नाश्त्याच्या वेळी ही बातमी घरात वाचली जात होती. अंधाऱ्या पाताळाचा रोमन देव या थंड, दूरच्या जगाला शोभेल असे तिला वाटले. तिचे आजोबा ग्रंथपाल होते. त्यांनी ते हसण्यावारी नेले नाही. ओळखीच्या खगोलशास्त्रज्ञांपर्यंत नाव पोहोचवले आणि त्यांनी ते अमेरिकेतील वेधशाळेला कळवले.

‘नासा’ने पुढे याचीच पद्धत केली. मंगळावरील ‘स्पिरिट’ आणि ‘ऑपॉर्च्युनिटी’ या गाड्यांची नावे नऊ वर्षांच्या मुलीने, ‘क्युरिऑसिटी’चे नाव सहावीतल्या मुलीने, तर ‘पर्सिव्हरन्स’चे नाव सातवीतल्या मुलाने सुचवले. ‘पर्सिव्हरन्स’साठी सुमारे २८ हजार प्रवेशिका आल्या होत्या. या स्पर्धांमध्ये नुसते नाव पाठवून भागत नसे, ते का द्यावे हे निबंध लिहून सांगावे लागे. घरातल्या प्रश्नात नेमका हाच भाग गळून पडतो. नाव ऐकून सगळे हसतात. ‘का रे, हेच का?’ असे क्वचितच कोणी विचारते.

मग मुलाने सुचवलेलेच नाव ठेवायचे का?

नाही. कागदावरचे नाव ही आता पूर्वीपेक्षा जड गोष्ट झाली आहे. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातील दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली. त्यानंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदार नोंदणी, विवाह नोंदणी अशा अनेक कामांना जन्मदाखला हाच आधार आहे. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत महाराष्ट्रात मुलाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम ठरला आहे. पुढे नाव बदलायचे तर राजपत्रात प्रसिद्धी आणि मग प्रत्येक कागदपत्रावर दुरुस्ती असा फेरा आहे. हे ओझे पाळण्यातल्या बाळाने पुढे उचलायचे आहे. त्यामुळे ते ठरवण्याची जबाबदारी मोठ्यांचीच.

गंमत म्हणून ठेवलेल्या नावाचा त्रास मुलाला किती होतो, याचे उदाहरण न्यूझीलंडमध्ये आहे. आईवडिलांनी मुलीचे नाव ‘हवाईची टलूला हुला नाचते’ अशा अर्थाच्या एका लांबलचक वाक्याचे ठेवले होते. ती नऊ वर्षांची झाली तरी मैत्रिणींना खरे नाव सांगत नसे. अखेर २००८ मध्ये तेथील न्यायालयाने नाव बदलता यावे म्हणून तिला स्वतःच्या पालकत्वाखाली घेतले. तेही नाव मोठ्यांनीच ठेवलेले होते.

घाई मात्र करण्याचे कारण नाही. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असली, तरी नाव न घालताही ती करता येते. १२ महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क आणि त्यानंतर ठरावीक मुदतीपर्यंत विलंब शुल्क भरून नोंदवता येते. म्हणजे घरात नीट चर्चा करायला कायद्यानेच वेळ दिला आहे.

मग मुलाच्या सूचनेला जागा कुठे?

हाकेच्या नावात. ही सोय मराठी घरांत पूर्वापार आहे. पाळण्यातले नाव एक, हाकेचे दुसरे. लोकमान्य टिळकांचे नाव केशव होते. घरातले ‘बाळ’च इतिहासात कायम झाले. मुरलीधर देवीदास आमटे यांना लहानपणापासून घरात ‘बाबा’ म्हणत आणि पुढे साऱ्या देशाने तेच म्हटले. आक्का, नाना, भाऊ, छकुली ही नावे कोणत्याही दाखल्यावर नसतात, पण हाक मारल्यावर माणूस त्यांनाच ओ देतो. त्यांतली कितीतरी नावे भावंडांच्या बोबड्या उच्चारांतून आलेली असतात.

ब्रिटनमध्ये २०१६ साली एका सरकारी संशोधन संस्थेने नव्या जहाजाच्या नावासाठी लोकांचा कौल घेतला. सर्वाधिक मते पडली ती ‘बोटी मॅकबोटफेस’ या पोरकट नावाला. जहाजाला अखेर ‘सर डेव्हिड अ‍ॅटनबरो’ हे नाव दिले गेले, पण लोकांचे नाव फेकून दिले नाही. त्या जहाजाशी जोडलेल्या, समुद्राखाली जाणाऱ्या मानवरहित यानाला ते मिळाले. विचारले होते, म्हणून उत्तराला कुठेतरी जागा दिली. घरात हेच करायला एक पैसाही लागत नाही.

नावापेक्षा मोठे काय पणाला लागते?

थोरल्याच्या दृष्टीने या काळात बरेच काही बदलत असते. आईची कुस वाटली जाणार असते, झोपायची जागा बदलते, ‘आता तू मोठा झालास’ हे वाक्य दिवसातून चार वेळा ऐकू येते. इंग्लंडमधील केंब्रिज येथे ज्युडी डन आणि कॅरल केंड्रिक यांनी ४० कुटुंबांचा बाळाच्या जन्माआधीपासून अभ्यास केला. तो १९८२ मध्ये पुस्तकरूपाने आला. ज्या घरांत आईने सुरुवातीच्या आठवड्यांत थोरल्याशी बाळाविषयी एक माणूस म्हणून बोलणे ठेवले (त्याला भूक लागली असेल का, तो का रडत असेल), तेथे पुढे थोरल्याचे बाळाशी वागणे अधिक मायेचे दिसले. नाव सुचवणे ही या बोलण्याची पहिली पायरी होऊ शकते. हे उत्तर केवळ करमणूक ठरले, तर ती पायरी वाया जाते.

‘मुले विसरून जातात, एवढा काय विचार करायचा,’ असा एक युक्तिवाद असतो. मुले सुचवलेले नाव विसरतात हे खरे. पण आपल्याला विचारतात ते नुसते विचारण्यापुरते, हे ती शिकतात आणि ते विसरत नाहीत.

मोबाइलमुळे यात आणखी एक भर पडली आहे. नाव सुचवतानाची चित्रफीत सार्वजनिक झाली की एक मूल अनोळखी लोकांच्या हसण्याचा विषय होते आणि दुसऱ्याच्या मागे जन्माआधीच एक टोपणनाव लागते. दहावीच्या वर्गात कोणीतरी ते शोधून काढले तर? दोघांपैकी एकालाही कोणी विचारलेले नसते. घरातल्या विनोदाला घराचा उंबरठा असावा.

पालकांनी काय करावे?

पहिले म्हणजे प्रश्न खरा विचारावा. ‘नाव काय ठेवू या’ असे मोघम न विचारता ‘दाखल्यावरचे नाव आई-बाबा ठरवणार, घरात हाक मारायचे नाव तू सुचव’ असे सांगावे. किंवा मोठ्यांना पसंत असलेली तीन नावे समोर ठेवून त्यांतून एक निवडू द्यावे. दुसरे, उत्तर काहीही आले तरी कारण विचारावे. तिसरे, सुचवलेले नाव घ्यायचे नसेल तर तसे स्पष्ट सांगावे. चार वर्षांच्या मुलाला नकार समजतो, टाळाटाळ समजत नाही. आणि बारशाला आत्या बाळाच्या कानात नाव सांगते, त्यानंतर थोरल्यालाही वाकून त्याचे नाव सांगू द्यावे. आत्याचा मान कमी होत नाही.

ते नाव ‘जेसीबी’ असेल तर असू द्यावे. बाळाला अजून त्याचा अर्थ कळत नाही. पण हे नाव घेऊन आपल्याकडे कोण वाकले आहे, तो आवाज मात्र ते ओळखायला लागते.