हार नंतर, आधी चटई

आपल्याकडे फौजी कुत्र्याच्या नावाला मोठा मान आहे. 2022 च्या ऑक्टोबरमध्ये अनंतनागला दोन गोळ्या लागूनही झूम अतिरेक्यांना भिडत राहिला. पुढे श्रीनगरच्या इस्पितळात तो गेला, तेव्हा देशभर लोक हळहळले. 2023 च्या सप्टेंबरमध्ये राजौरीत केंट ही लॅब्रेडॉर कुत्री आपल्या हँडलरला वाचवताना गेली. तिला दिलेला निरोप आपण सगळ्यांनीच फोनवर पाहिला. हा मान योग्यच आहे. पण हाच कुत्रा जिवंत असताना आपण त्याला ज्या बोटीत चढवतो, तिच्या तळाला काय आहे हे बघायला कुणाला वेळ नसतो.

माझं म्हणणं सरळ आहे. ज्या बोटीतून कामाचा कुत्रा न्यायचा, त्या बोटीत त्याच्या पायाखाली न घसरणारं फ्लोअरिंग असलंच पाहिजे. आणि ते बोटीच्या सामानात मोडलं पाहिजे, जसं वल्हं मोडतं, दोर मोडतो. हँडलरच्या जुगाडावर ते सोडणं ही आपल्या व्यवस्थेची लाज आहे.

गावाकडचे मित्र विचारतात, फौजेतल्या कुत्र्याचा आणि बोटीचा काय संबंध? आसामात एक पोस्टिंग काढा, मग कळेल. ब्रह्मपुत्रेच्या पात्रात वाळूची बेटं आहेत. खालच्या आसामात त्यांना चर म्हणतात, वरच्या भागात चापरी. दर पावसाळ्यात नदी यातली काही खाते, काही नवी घालते. 2017 मध्ये धोला-सादिया पूल झाला, 2018 मध्ये बोगीबील झाला, तरी चापरीवर जायला आजही बोटच लागते. तिथे गस्त जाते, तपासणी होते, आणि जमिनीत काही पुरलंय का हे हुंगायला कुत्रा बरोबर असतो. काश्मीरात वुलर सरोवर आहे, बंगालात सुंदरबनच्या खाड्या आहेत. शिवाय दर पावसाळ्यात देशात कुठे ना कुठे पुराची ड्युटी असतेच. बुडालेल्या माणसाचा माग बोटीच्या नाळेवर उभं राहून काढणारे कुत्रे जगभर तयार केले जातात. तेव्हा कुत्रा बोटीत चढणार, हे गृहीत धरूनच चाललं पाहिजे.

आता पायाचं बघू. आपल्या बुटाला रबरी तळ असतो, त्याला खाचा असतात. बोटीच्या तळाला जी उठावाची चेकर्ड प्लेट असते, ती या बुटासाठी केलेली असते. कुत्र्याच्या पायाला गादी असते, खरखरीत पण मऊ. कोरड्या जमिनीवर ती उत्तम धरते. ओल्या ॲल्युमिनियमवर किंवा गुळगुळीत फायबरवर ती धरत नाही. पाय सटकला की कुत्रा घाबरतो आणि नखं काढून जमीन पकडायला बघतो. मांजरासारखी त्याची नखं आत जात नाहीत, आणि धातूत ती रुततही नाहीत. उलट नखांवर भार गेल्याने गादी उचलली जाते आणि होती ती पकडही जाते. म्हणजे जितका घाबरेल तितका घसरेल. मागचे पाय दोन बाजूंना फाकतात, मांडीचे स्नायू ताणले जातात, गुडघ्याच्या आतली शिर दुखावते. लॅब्रेडॉर आणि जर्मन शेफर्ड यांच्या खुब्याच्या सांध्याचं दुखणं तर सगळ्या हँडलरना ठाऊक आहे. अशा कुत्र्याला तासभर ओल्या पत्र्यावर उभं करणं म्हणजे त्याची नोकरी आपल्या हाताने कमी करणं.

याहून मोठी गोष्ट नाकाची आहे. आपण त्याला नेतो ते नाकासाठी. पाऊण तास तोल सांभाळत, चारही पाय ताठ ठेवून आलेला कुत्रा किनाऱ्यावर उतरतो तेव्हा धापा टाकत असतो. धाप लागलेल्या कुत्र्याला नीट हुंगता येत नाही, कारण हवा तोंडाने आत-बाहेर चाललेली असते. आणि त्याच्या मागून दहा जवान त्या नाकावर भरवसा ठेवून चालणार असतात. मग बोटीचा तळ हा कुत्र्याच्या लाडाचा विषय राहतो का?

एकदा चापरीवर जाताना मी हे जवळून पाहिलं. भाड्याची भुटभुटी होती, तळाला फळ्या आणि त्यावर पत्रा, पत्र्यावर पाणी आणि थोडं डिझेल. तीस किलोचा लॅब्रेडॉर होता. हँडलरच्या एका हातात पट्टा, दुसऱ्या हातात रायफल. मध्यात भोवऱ्यापाशी बोट वळली, कुत्रा घसरत डाव्या कडेला गेला आणि पट्ट्याबरोबर हँडलरही ओढला गेला. त्याला धरायला तिघे एकदम डावीकडे झुकले. बोट इतकी कलली की पाणी काठाला लागलं. नावाड्याने ओरडून सगळ्यांना खाली बसवलं म्हणून निभावलं. पलीकडे उतरल्यावर बरोबरचा एक जण म्हणाला, "जानवर है साब, संभल जाएगा." कुत्रा सांभाळेल हो, पण त्या बोटीत बारा माणसं होती.

इथेच "आधी माणसांचं बघा, मग कुत्र्यांचं" या युक्तिवादाचा निकाल लागतो. छोट्या बोटीत तीस किलो वजन अचानक एका कडेला जाणं आणि त्यामागे माणसं धावणं, हा माणसांचाच प्रश्न आहे. 2019 च्या पुरात सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला बोट उलटली, ते आपण विसरलेलो नाही. तिथली कारणं वेगळी होती, बोटीत माणसं जास्त झाली होती. पण भरलेली बोट तोल जायला किती थोडं निमित्त पुरतं, हे कृष्णाकाठच्या लोकांना मी सांगायची गरज नाही. आणि पुरात लोक आपलं कुत्रं मागे ठेवून बोटीत चढत नाहीत. ते बोटीत येणारच.

आता जुगाडांची यादी घेऊ, कारण प्रत्येक ठिकाणी कुणीतरी सांगतं, "आम्ही केलंय ना काहीतरी."

गोणपाट टाकतात. ओल्या पत्र्यावर गोणपाट आणि कुत्रा दोघं मिळून घसरतात. मेसमधला जुना गालिचा टाकतात. तो पाणी पितो, जड होतो, दुसऱ्या दिवशी कुजका वास मारतो आणि त्याच्या धाग्यांत नखं अडकतात. ताडपत्री टाकतात, ती ओली झाली की पत्र्याहून वाईट. रंगात वाळू मिसळून मारतात. बुटाला ते छान, पण कुत्र्याच्या गादीला तो पॉलिश पेपर आहे. चार फेऱ्यांत गादी सोलते आणि मग कुत्रा जमिनीवरही लंगडतो. खरखरीत चिकटपट्टीचं तेच, शिवाय तिच्या कडा सुटतात. कुणी म्हणतं, कुत्र्याला बूट घाला. बोटीतल्या पाण्याने ते बूट भरतात, आत पाय फिरतो आणि पायाला जमीन कळेनाशी होते.

आणि सगळ्यात जास्त ऐकू येणारं उत्तर म्हणजे, "लाईफ जॅकेट घेतलंय." घेतलंय ते चांगलंच केलंत, ते असायलाच हवं. पण लाईफ जॅकेट पाण्यात पडल्यानंतर कामाला येतं. पडू नये म्हणून काय केलंत, हा माझा प्रश्न आहे. नारिंगी जॅकेट फोटोत उठून दिसतं, करड्या रंगाची चटई दिसत नाही, एवढाच काय तो फरक.

मग चांगलं काय? यात रॉकेट सायन्स नाही. बंद छिद्रांच्या फोमची शीट मिळते, ईव्हीए म्हणतात तिला. ती पाणी शोषत नाही, पायाखाली किंचित दबते, त्यामुळे गादी आणि नख दोन्हींना धरायला मिळतं. तिच्यावर खाचा पाडलेल्या असाव्यात, म्हणजे पाणी वाहून जाईल. रंग फिका असावा. काळं रबर किंवा उघडा पत्रा मे महिन्याच्या उन्हात इतका तापतो की गादी भाजते. हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून बघा. तुम्हाला ठेवता आली नाही तर कुत्र्यालाही ठेवता येत नाही. कायमची बोट असेल तर शीट स्वच्छ, कोरड्या पृष्ठभागावर पूर्ण चिकटवावी, कडा गोल कापाव्यात. बोट भाड्याची किंवा हवा भरायची असेल तर जाड, भोकांची रबरी चटई घ्यावी, चारही कोपऱ्यांना रिंगा ठोकून ती दोरीने बांधावी. न बांधलेली चटई म्हणजे पुन्हा गोणपाटच.

चटई फक्त मध्ये टाकूनही भागत नाही. कुत्रा पडतो तो बहुधा चढता-उतरताना, काठ आणि बोट यांच्या मधल्या फळीवर. त्या फळीलाही तेच लावा. बोटीत डिझेल सांडलं तर लगेच साबणाने धुवा, कारण डिझेलपुढे कुठलंही फ्लोअरिंग टिकत नाही. आणि हँडलरने आपलं काम करावं: नखं कापलेली, बोटांमधले केस छाटलेले. केस वाढले की गादी जमिनीला टेकतच नाही. हे बहुतेक हँडलर न सांगता करतात. आपल्या वाट्याचं करत नाही ती वरची साखळी.

तिथे उत्तर ठरलेलं असतं, "स्केलमध्ये नाही." मी एका ठिकाणी ही मागणी कागदावर गेलेली पाहिली. कागद परत आला, वर शेरा होता की बोटीच्या सामानात चटई येत नाही आणि कुत्र्याच्या सामानात बोट येत नाही. वाचून हसू आलं, पण शेरा मारणाऱ्याने तो गंभीरपणे मारला होता. कुत्र्याला उभं राहायला आणि बसायला सहा फूट बाय तीन फूट पुरतात. अठरा चौरस फूट शीट. एका बड्या खान्यातल्या तंदुरीला याहून जास्त पैसे जातात आणि त्याला स्केल कुणी विचारत नाही. ज्या कुत्र्याला मेरठच्या आरव्हीसी सेंटरमध्ये महिनोन् महिने शिकवून तयार केलं, त्याच्या पायासाठी अठरा चौरस फूट मिळत नसतील, तर आपण हिशेब कशाचा ठेवतो?

"आजवर कुठला कुत्रा बुडाला?" असंही विचारतात. बुडण्याचीच वाट बघायची असेल तर हेल्मेटही पहिल्या गोळीनंतर वाटायला हवीत. आणि घसरून दुखावलेला कुत्रा बुडाल्यांच्या यादीत येत नाही. तो "अनफिट" म्हणून वेगळ्या रजिस्टरमध्ये जातो, कारणाच्या रकान्यात वय लिहिलं जातं आणि बोटीचं नाव कुठेच येत नाही.

नोकरीत असलेल्यांना माझी विनंती आहे. पुढची बोट मागवताना मागणीपत्रात एक ओळ वाढवा: कुत्र्यासाठी न घसरणारं, फिक्या रंगाचं, पाणी निचरणारं फ्लोअरिंग, फळीसह. लोकल पर्चेसची मुभा असेल तर वाट बघू नका, या आठवड्यातच आणा. निवृत्त मंडळींनो, तुमच्यातले कितीतरी जण सांगली, कोल्हापूर, चिपळूणकडे आपत्ती पथकांना बोट चालवायला शिकवतात. तुम्हाला तर कुणाचा शेराही आडवा येत नाही. पावसाळ्याआधी आपापल्या बोटी बाहेर काढा, तळावर बादलीभर पाणी ओता आणि एक कुत्रा त्यावर चालवून बघा. तो कसा चालतो हे पाहिल्यावर हा लेख दुसऱ्यांदा वाचावा लागणार नाही.