दुसरी प्रत उतरली का?

गेल्या अंकीं या सदरांत जुन्या पोथ्यांना कसर लागूं नये म्हणून काय करावें, याविषयीं लिहिलें होतें. आज ज्या संग्रहाविषयीं लिहावयाचें आहे त्याला कसर लागत नाहीं कीं वाळवी लागत नाहीं. परंतु तो जातो तेव्हां एका क्षणांत जातो. संगणकांतील घरच्या कागदपत्रांची, छायाचित्रांची व चलच्चित्रांची दुसरी प्रत, जिला मुलें बॅकअप म्हणतात, ती बाहेरच्या यूएसबी डिस्कवर ठेवण्याची चाल आतां पुष्कळ घरीं पडली आहे. ती प्रत खरोखर उतरली कीं नाहीं, हें मात्र फारच थोडे पाहतात. आम्हीं पाहिलें नव्हतें.

आमचें घर बुलढाणा जिल्ह्यांतील उंद्री येथें. तीन भावांचा एकत्र संसार आणि सर्वांत मिळून एक संगणक. त्यांत वडील बंधूंनीं जमविलेला कुलवृत्तांत होता, पोथ्यांचीं छायाचित्रें होतीं, जमिनीचे कागद होते, आणि २०१६ सालीं झालेल्या मातोश्रींच्या सहस्रचंद्रदर्शनाचें चलच्चित्र होतें. आई २०२१ मध्यें गेली. त्या चित्रांत ती एकेका सुनेला नांव घेऊन जवळ बोलावते, आशीर्वाद देते, आणि शेवटीं माझ्याकडे वळून "तूं जेवलास का?" असें विचारते. मी तेव्हां सेवानिवृत्त मास्तर होतों, तरी तिचा प्रश्न तोच.

गेल्या वर्षीं मृगाच्या पहिल्याच पावसांत वीज कडाडली, घरांतले दिवे एकदम लखलखले आणि संगणक बंद पडला तो पडलाच. खामगांवच्या कारागिरानें उघडून पाहिलें व आंतील डिस्कहि गेल्याचें सांगितलें. आम्हीं फारशी चिंता केली नाहीं, कारण बाहेरची डिस्क कपाटांत होती. ती पुतण्याच्या संगणकास लावली. कुलवृत्तांत निघाला, छायाचित्रें निघालीं, जमिनीचे कागद निघाले. आईचें चित्र निघालें नाहीं.

खोदून विचारतां धाकट्या पुतण्यास आठवलें. "काका, उतरवतांना मध्येंच एक इंग्रजी सूचना आली होती. मीं 'वगळा' दाबलें आणि बाकीचें पुढें गेलें." सूचनेंत स्पष्ट लिहिलेलें होतें कीं, ही फाइल त्या डिस्कवरील मांडणीच्या मानानें फार मोठी आहे. त्याच्यावर रागावण्याचा मला अधिकार नव्हता. "आटोप लवकर, लाइट जाईल" असें त्यास मींच म्हटलें होतें.

हा दोष नीट समजून घेण्याजोगा आहे. डिस्कवर जिन्नस कोठें व कसा ठेवावा याची एक मांडणी असते. पुष्कळ पेनड्राइव्हांवर व जुन्या डिस्कांवर 'फॅट३२' नांवाची, १९९६ पासून चालत आलेली मांडणी आढळते. तींत प्रत्येक फाइलीचा आकार लिहिण्यास बत्तीस द्विमान अंकांपुरतीच जागा राखलेली आहे. त्यामुळें ४,२९,४९,६७,२९५ बाइटांहून, म्हणजे सुमारें चार जीबीहून, मोठी फाइल तींत मावत नाहीं. मग डिस्क हजार जीबीची कां असेना. कणगी दहा खंडीची, पण तोंड एवढें लहान कीं भोपळा आंत जात नाहीं, असा हा प्रकार. आमचें चित्र सात जीबीचें होतें. डिस्कच्या चिन्हावर उजवें बटण दाबून 'प्रॉपर्टीज' उघडल्यास मांडणीचें नांव तेथें दिसतें. फॅट३२ असेल तर 'एनटीएफएस' किंवा 'एक्सफॅट' अशी मांडणी करून घ्यावी. हें 'फॉर्मॅट' करतांना डिस्क पुसली जाते, यास्तव तिच्यावरील सर्व कांहीं आधीं दुसरीकडे उतरवून ठेवावें.

पुढें नवी डिस्क आणली, तिची मांडणीहि पाहून घेतली, आणि तरीहि बॅकअप होईना. निम्म्यावर येई व डिस्क पडद्यावरून नाहींशी होई. पुतण्या म्हणाला, डिस्कच सदोष, परत करूं. येथें मात्र जुनी विद्या उपयोगी पडली. तर्कशास्त्रांत अन्वय व व्यतिरेक सांगितले आहेत: अमुक असतां दोष असतो, अमुक नसतां दोष नसतो. तेव्हां एका वेळीं एकच गोष्ट बदलावयाची असें ठरविलें. प्रथम केबल बदलली, दोष कायम. मग संगणक बदलून पाहिला; दोष नाहीं! म्हणजे डिस्क निर्दोष ठरली. पुन्हां आपल्या संगणकाकडे येऊन, ज्या फांट्याच्या डबीवर माउस, प्रिंटर व डिस्क हीं तिन्ही लटकलीं होतीं ती डबी काढली व डिस्क थेट संगणकाच्या मागील खाचेंत लावली. रात्रभरांत काम पुरें झालें. जुन्या यूएसबी २.० च्या खाचेंतून ५०० मिलिअँपिअर, व नव्या ३.० च्या, बहुधा निळ्या रंगाच्या, खाचेंतून ९०० मिलिअँपिअर वीज मिळण्याची सोय असते. स्वतंत्र वीज न घेणाऱ्या डबीनें ती तिघांत वांटली, तर फिरती तबकडी असलेल्या डिस्कची उपासमार होणारच.

किरकोळ कारणेंहि आहेत. संगणक मध्येंच झोपीं जातो. ती सोय बॅकअपपुरती बंद ठेवावी. डिस्कला काल 'ई' हें अक्षर मिळालेलें असतें, आज 'एफ' मिळतें, आणि बॅकअप करणारी प्रणाली 'ई'च्या दारीं उभी राहून परत येते. कधीं डिस्क जुन्या प्रतींनींच भरून गेलेली असते. परंतु डिस्कमधून टक्टक् असा आवाज येऊं लागला, किंवा घटकेचें काम प्रहराचें झालें, तर दुरुस्तीची प्रणाली चालवूं नये. आधीं जेवढें निघेल तेवढें दुसरीकडे काढून घ्यावें. काम संपल्यावर पडद्यावरील 'इजेक्ट'ची आज्ञा द्यावी, मगच वायर ओढावी, आणि डिस्क कपाटांत ठेवावी. संगणकास सदैव जोडून ठेवलेली डिस्क त्याच विजेनें जळते, हें आमच्याकडे कोणास निराळें सांगावें लागत नाहीं.

आतां मुख्य गोष्ट. 'पूर्ण झाले' अशी अक्षरें पडद्यावर आलीं म्हणजे प्रत झाली असें नाहीं. वैदिकांनीं केवळ संहिता पाठ करून समाधान मानलें नाहीं. घनपाठांत पदें एक-दोन, दोन-एक, एक-दोन-तीन, तीन-दोन-एक, पुन्हां एक-दोन-तीन अशीं उलटसुलट म्हणतात, त्यामुळें एखादें पद गळलें वा बदललें तर तेथल्या तेथें उघडें पडतें. आमच्या घरीं आतां त्याच न्यायानें चालतें. दर पौर्णिमेस पुतण्या डिस्क दुसऱ्याच संगणकास लावतो. फाइलींची संख्या व एकूण आकार मुळाशीं ताडून पाहतो. मग मी डोळे मिटून पांच नांवें सांगतों, त्यांत एक तरी सर्वांत मोठ्या फाइलीचें असतें. तीं तेथें उघडून, चित्र असल्यास शेवटपर्यंत चालवून पाहावयाचीं, आणि तारीख वहींत लिहावयाची. पहिल्याच वेळीं दोन छायाचित्रें उघडलीं नाहींत. मूळ शाबूत होतें म्हणून निभावलें. सूनबाई म्हणतात, मामंजींनीं निवृत्तीनंतर पुन्हां परीक्षा सुरू केल्या. म्हणोत बापड्या.

आईच्या चित्राचा शोध आम्हीं पुष्कळ केला. ज्यानें तें घेतलें होतें त्याच्याजवळहि आतां नाहीं. शेवटीं नागपूरच्या पुतणीच्या जुन्या मोबाइलमध्यें चार मिनिटांचा एक तुकडा सांपडला. त्यांत धाकटीला आशीर्वाद देतांनाचा आईचा आवाज आहे. माझ्याकडे वळण्यापूर्वींच तो संपतो. तो तुकडा दोन डिस्कांवर घातला आहे. एक पोथ्यांच्या कपाटांत आहे, व दुसरी पुतणी दिवाळीस येईल तेव्हां तिच्याबरोबर नागपुरास जावयाची आहे.